गावच्या मराठी शाळेचा कारभार कुणाच्या हातात? पट, पैसा आणि एसडीएमसी समजून घ्या

जून उजाडला की सीमाभागातल्या गावांतून एक बातमी हमखास येते. शाळा सुरू होऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात आणि पालक गेटला कुलूप लावून बाहेर बसतात. मागणी एकच, मास्तर द्या. बीईओ साहेब येतात, 'चार दिवसांत सोय करतो' म्हणतात, कुलूप निघतं. कुठल्या तरी दुसऱ्या शाळेतून एक शिक्षक तात्पुरते आणून बसवले जातात. पुढच्या जूनला पुन्हा तेच.

पालकांचा राग खरा असतो, त्यात वाद नाही. पण जूनमध्ये मास्तर मिळणार की नाही, हे बहुतेक वेळा आदल्या वर्षीच्या कागदावर ठरून गेलेलं असतं. तो कागद कधी भरला, कुणी भरला, त्यावर सही कुणाची, हे गावात दोन-चार माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नसतं. गावच्या सरकारी मराठी शाळेचा कारभार नेमका चालतो कसा, कुठली गोष्ट गावाच्या हातात आहे आणि कुठली नाही, हे म्हणूनच एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

शाळा गावची, मालक कोण?

जुनी माणसं अजून 'स्कूल बोर्डा'ची आठवण काढतात. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता तेव्हा प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्डाकडे असत. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, म्हणून चंदगड-गडहिंग्लजकडचे पाहुणे 'झेडपीची शाळा' म्हणतात. आपल्याकडे शिक्षक हा राज्य सरकारच्या शिक्षण खात्याचा नोकर आहे. जिल्हा पंचायतीतून निधी फिरतो, पण नेमणूक आणि बदली खात्याच्या हातात.

खात्याची उतरंड अशी. गावात मुख्याध्यापक. त्यांच्यावर काही शाळांच्या समूहासाठी सीआरपी, म्हणजे समूह साधन व्यक्ती. तालुक्याला बीईओ, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकारी. जिल्ह्याला डीडीपीआय, म्हणजे सार्वजनिक शिक्षण खात्याचे उपसंचालक. आपल्या महसुली जिल्ह्याचे शिक्षणासाठी दोन जिल्हे आहेत. खानापूर, बेळगाव शहर आणि ग्रामीण, बैलहोंगल, सौंदत्ती वगैरे बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, रायबाग वगैरे चिकोडी शैक्षणिक जिल्ह्यात. निपाणीच्या पालकाने शिक्षकासाठी बेळगावच्या डीडीपीआय कार्यालयात खेटे घालून उपयोग नाही, त्याचं कार्यालय चिकोडीला.

या उतरंडीला समांतर अशी गावातली दुसरी बाजू म्हणजे एसडीएमसी, शाळा सुधारणा समिती. कर्नाटकात ही २००१ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिला देशभर कायद्याचं बळ दिलं.

एसडीएमसीच्या हातात काय आहे, काय नाही

कायद्याचं कलम २१ सांगतं की समितीत निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला हव्यात. मागास आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात.

समितीची कामं तीन. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि शाळेला आलेल्या पैशाचा विनियोग तपासणं. एक खुलासा इथेच करून ठेवतो. अनुदानित आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीनंतर फक्त सल्ला देऊ शकते. सरकारी शाळेत मात्र तिचा अधिकार पूर्ण आहे.

नाही ते काय? शिक्षक नेमणं नाही, बदली करणं नाही, बदली थांबवणं नाही. बदल्या राज्याच्या २०२० च्या शिक्षक बदली कायद्याप्रमाणे समुपदेशनातून होतात. एसडीएमसीच्या ठरावाने चांगले गुरुजी गावात राहत नाहीत आणि नको असलेले जातही नाहीत. गावात अध्यक्षपदावरून दोन पार्ट्या भांडतात तेव्हा भांडण बहुतेक वेळा या नसलेल्या अधिकारासाठी असतं. आणि जो अधिकार आहे, म्हणजे आराखडा आणि हिशेब, तिकडे कुणी बघत नाही.

पटाचं गणित : एक मूल किती जड असतं

आता शिक्षकाचं बघू. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी कोष्टक दिलेलं आहे. ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. १५० च्या वर गेलं की मुख्याध्यापक वेगळा. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे एक शिक्षक, शिवाय विज्ञान-गणित, समाजविज्ञान आणि भाषा यांना निदान एकेक.

हे कोष्टक दोन बाजूंनी वाचता येतं. शाळेत १२ मुलं असली तरी कायद्याप्रमाणे दोन शिक्षक हवेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, गवळीवाड्यांवर एकशिक्षकी शाळा चालते तेव्हा ती कायद्याच्या मापाखाली चालते, हे पालकांनी ठामपणे सांगावं. दुसरी बाजू अशी की ६१ वर असलेला पट ५९ वर आला की तिसरी जागा 'जादा' ठरते. जादा शिक्षकाला पटाप्रमाणे दुसरीकडे हलवलं जातं. दोन मुलं तालुक्याच्या कॉन्व्हेंटला गेली आणि गावाचा एक शिक्षक गेला, असा हा हिशेब.

पट मोजला जातो तो यू-डायस या राष्ट्रीय नोंदणीत. तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर धरली जाते. प्रत्येक शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. राज्याच्या सॅट्स प्रणालीत प्रत्येक मुलाचा क्रमांक असतो. गावात राहून शाळेत येणारं, पण कागद अपुरे म्हणून नोंदच न झालेलं मूल खात्याच्या दृष्टीने नसतंच. ऊसतोड, वीटभट्टी किंवा गवंडीकामाला बाहेर जाणाऱ्या घरांची मुलं इथेच गळतात. म्हणून एसडीएमसीने सप्टेंबरच्या बैठकीत हजेरीपट आणि ऑनलाइन नोंद शेजारी ठेवून नावं ताडून बघावीत. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढच्या जूनचा मास्तर त्यावर ठरतो.

आणखी एक अडचण खास आपली. मराठी शाळेला मराठी माध्यमात शिकवू शकणारा शिक्षक लागतो. राज्यात शिक्षकभरती झाली म्हणून मराठी शाळेची रिकामी जागा भरतेच असं नाही. तोवर अतिथी शिक्षकावर भागवलं जातं. ते मानधनावर असतात, वर्षापुरते असतात. अनेक शाळा त्यांच्यामुळेच उघड्या आहेत. पण पहिलीला एक, दुसरीला दुसरा, तिसरीला तिसरा अशी माणसं बदलत गेली की मुलाचं वाचन मागे पडतं. कायद्याचं कलम २६ म्हणतं की रिक्त जागा मंजूर जागांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत. आपल्या शाळेत मंजूर किती, भरलेल्या किती, हा आकडा मुख्याध्यापकांकडे असतो. तो मागून घ्यावा.

पैशाचा हिशेब

आम्ही कॉमर्सवाले, आम्हाला आधी खातं दिसतं. समग्र शिक्षा योजनेत (ही २०१८ ला सुरू झाली) प्रत्येक सरकारी शाळेला वार्षिक एकत्रित अनुदान असतं आणि ते पटावर ठरतं. ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये. ३१ ते १०० मुलांना २५ हजार. १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातला निदान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा.

२८ मुलांची शाळा धरा. १० हजारातून स्वच्छतेचे एक हजार बाजूला काढले की उरले ९ हजार, म्हणजे महिन्याला ७५० रुपये. त्यात खडू, रजिस्टर, बल्ब, नळाची तोटी, फुटलेली कौलं, प्रिंटरची शाई. तीच शाळा ३१ वर गेली की वर्षाला १५ हजार जास्त. तीन मुलांचा फरक. कोवाडच्या बाजाराला जाणाऱ्या माणसालाही कळेल असं हे गणित आहे, पण गावच्या सभेत ते कधी मांडलं जात नाही.

या पैशाच्या व्यवहारावर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्ष दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे हिशेब मास्तरांचा एकट्याचा नाही. अध्यक्षाने कोऱ्या कागदावर सही देऊन टाकली, तर पुढे काही निघालं की जबाबदारी दोघांची. अनुदान कधी कधी वर्षाच्या शेवटी येतं आणि ३१ मार्चपूर्वी घाईने खर्चावं लागतं. काय घ्यायचं हे आधी ठरलेलं नसेल तर दुकानदार सांगेल ते घेतलं जातं. यावर उपाय विकास आराखडा. कलम २२ प्रमाणे समितीने तो करायचा असतो आणि सरकारने अनुदान देताना त्याचा आधार घ्यायचा असतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या निदान तीन महिने आधी तयार व्हायला हवा. म्हणजे डिसेंबर. डिसेंबरात आराखडा नाही, तर मार्चमध्ये मागायला तोंड नाही.

मोठी कामं या अनुदानातून होत नाहीत. कंपाउंडची भिंत, मैदान, शौचालय, स्वयंपाकघर यांसाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. अनेक गावांत रोजगार हमीच्या कामातून शाळांचे कंपाउंड उभे राहिले. त्यासाठी एसडीएमसीचा लेखी ठराव आणि ग्रामसभेत त्याची नोंद, दोन्ही लागतात. पीडीओला तोंडी सांगून काम होत नाही.

दुपारचं ताट

अक्षर दासोह, म्हणजे दुपारचं जेवण, हा पालकांना रोज तपासता येणारा विषय. प्रमाण ठरलेलं आहे. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम. क्षीरभाग्य योजनेतून दूध आणि अलीकडे अंडं, न खाणाऱ्यांना केळं. स्वयंपाक करणाऱ्या बायका गावातल्याच असतात. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० ला दोन असं केंद्राचं प्रमाण आहे. आठवड्यातून एकदा समितीतल्या एका आईने पोरांच्या पंगतीला बसून जेवावं. यापेक्षा चांगली तपासणी कुठल्या रजिस्टरात होत नाही.

शाळा चांगली चाललीय हे कशावरून ओळखायचं?

टक्केवारीवर जाऊ नका. जिल्ह्याचा दहावीचा निकाल खाली आला की सगळे सरकारी शाळांना बोल लावतात. राज्याचा दहावीचा निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के होता, २०२४ ला ७३.४० झाला. एका वर्षात मुलं तेवढी ढ झाली काय? २०२४ ला परीक्षाकेंद्रांवर वेबकास्टिंगची नजर आली, कॉपीला आळा बसला. आकडा बदलला म्हणून शिकवणं बदललं असं नसतं.

छोट्या शाळेला तर टक्केवारी लागूच पडत नाही. पाचवीत चार मुलं असतील तर एक मूल म्हणजे २५ टक्के. एकाला ताप आला आणि शाळेचा निकाल ७५ वर.

त्यापेक्षा घरी बसून करता येण्याजोगी चाचणी आहे. 'असर' नावाची पाहणी देशभर ग्रामीण भागात घरोघरी जाऊन हेच करते. मुलासमोर दुसरीच्या पातळीचा उतारा ठेवायचा आणि वाचायला सांगायचं. २०२४ च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतली तिसरीची २३.४ टक्के आणि पाचवीची ४४.८ टक्के मुलंच तो वाचू शकली. म्हणजे पाचवीतली निम्म्याहून जास्त मुलं दुसरीचं वाचू शकत नव्हती. तुमच्या शाळेत चार मुलं असतील तर टक्के कशाला, चार नावं घ्या. कोण वाचतं, कोण अडतं, हे समितीच्या वहीत लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा बघा. मास्तरांना धारेवर धरण्यासाठी नव्हे. दोन वर्ग, कधी पाचही वर्ग एकाच वेळी सांभाळणाऱ्या माणसाला कुठल्या पोराकडे जास्त बघायचं हे कळावं म्हणून.

दुसरी खूण, शिक्षक वर्गात किती दिवस असतात. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला निदान २०० दिवस, सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावता येत नाही. एकशिक्षकी शाळेतले गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की त्या दिवशी शाळा फक्त जेवणापुरती. असे दिवस किती, याची नोंद ठेवा. बीईओंपुढे ठेवायला याहून मजबूत कागद नाही.

मराठी माध्यम आणि कन्नड

घटनेचं कलम ३५० अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. शिक्षण हक्क कायदाही शक्य तोवर मातृभाषेतच शिकवा म्हणतो. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरलेलं माप अजून आधाराला घेतलं जातं : वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं त्या भाषेची असतील तर शिक्षक द्यावा. कर्नाटकाची पाठ्यपुस्तक सोसायटी मराठी माध्यमाची पुस्तकंही छापते. ती वेळेत आली नाहीत तर कुठल्या विषयाच्या किती प्रती कमी पडल्या हे आकड्यांत लिहून द्यावं.

२०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड हा पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सक्तीचा झाला. त्यावर मतं काहीही असोत, मराठी शाळेतल्या पोराला पुढे हायस्कूल, बँक, तहसील, नोकरी सगळीकडे कन्नड लागणार आहे. 'मराठी शाळेत कन्नड-इंग्रजी येत नाही' या भीतीनेच बरेच पालक पोरं काढून घेतात. तेव्हा मराठी शाळेत कन्नड आणि इंग्रजी नीट शिकवणारा शिक्षक मागणं हे मराठीच्या विरोधात नाही. पट टिकवायचा तोच मार्ग आहे.

कुठला दरवाजा ठोठवायचा

जेवण, स्वच्छता, गैरहजेरी : आधी मुख्याध्यापक आणि एसडीएमसी, मग सीआरपी, मग बीईओ. इमारत, पाणी, भिंत : ग्रामपंचायत. रिक्त जागा : बीईओमार्फत डीडीपीआय, मंजूर-भरलेल्या जागांच्या आकड्यासह. कागद कुणी दाखवत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. मुलाच्या हक्काची तक्रार असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी. निर्णय तीन महिन्यांत हवा. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. प्रत्येक कागदाची पोच घ्या.

सीमेपलीकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. महाराष्ट्रात सीआरपीच्या जागी केंद्रप्रमुख, बीईओच्या जागी गटशिक्षणाधिकारी आणि समितीचं नाव शाळा व्यवस्थापन समिती. तिथेही पटाची कुऱ्हाड आहेच. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीला २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या शिक्षकपदांवर गदा आणली. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा थेट शिक्षण खात्याकडे, तालुक्याला भागशिक्षणाधिकारी. तिथल्याही मराठी शाळा मुलांअभावी मिटत आल्या आहेत. नावं बदलतात, वर सांगितलेली केंद्रीय कायद्याची कलमं सगळीकडे तीच.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण दावा दाखल झाला तेव्हा पहिलीत बसलेलं पोर आज शिकून, लग्न करून आपलं मूल शाळेत घालायच्या वयाला आलं आहे. त्या मुलासाठी गावात मराठी शाळा उघडी राहणार की नाही, हे दिल्लीत ठरायची वाट बघायला नको. एसडीएमसीच्या बैठकीत दोन वेळा आवर्जून जा. ३० सप्टेंबरच्या आधी एकदा, पट ताडायला. डिसेंबरात एकदा, आराखडा करायला. जूनमध्ये कुलूप घेऊन जायची वेळ मग कदाचित येणार नाही.